योगिता बोरसेची मान

योगिता बोरसे मान हलवत नसे.

यात काय मोठं, असं ज्यांना वाटेल त्यांनी आमच्या विभागात एक सोमवार काढून बघायला हवा होता. दर सोमवारी अकराला सर संशोधनाची बैठक घेत. सर बोलत आणि लांबट टेबलाभोवतीच्या सगळ्या माना हलत. प्रयोग चांगला झाला म्हणाले की हलत, फसला म्हणाले की त्याच वेगाने हलत. दारावर नंदीबैल येतो तेव्हा त्याच्या मालकाला निदान ढोलकं तरी वाजवावं लागतं; सरांना तेवढाही त्रास नव्हता. मी स्टोअरकीपर म्हणून कोपऱ्यात बसायचो, आणि उगीच कशाला खोटं बोलू, माझी मानही सत्तावीस वर्षं हलत होती. संस्थेचं नाव सांगत नाही. सुरतेतली आहे आणि माझं पेन्शन तिथूनच येतं, एवढं पुरे.

तर अशा त्या टेबलाशी एका सोमवारी ही नवी मुलगी येऊन बसली. डिंडोलीची, सुरतेतल्या मराठी वस्तीतली. वडील उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात कामाला. अंगाने काडी, केस घट्ट बांधलेले, गळ्यात दोऱ्याला अडकवलेलं बॉलपेन. सरांनी तिला पीएचडीचा विषय समजावून सांगितला. डांगच्या जंगलात एक पाला मिळतो, त्याला सरांनी 'शक्तिपर्ण' असं नाव ठेवलं होतं. त्याचा अर्क स्नायूंच्या पेशींवर टाकला की पेशींची शक्ती वाढते, असं सरांनी पाच वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. आता ती नेमकी किती आणि कशी वाढते ते योगिताने शोधायचं. सगळ्या माना हलल्या. एक हलली नाही.

"समझ में आया?" सरांनी विचारलं.

"अभी नहीं, सर," ती म्हणाली.

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

दुपारी ती स्टोअरच्या खिडकीशी सामान न्यायला आली तेव्हा मी तिला झापलं. मराठी मुलगी, म्हणून जरा हक्काने. म्हटलं, "पोरी, मान हलवायला काय पैसे पडतात का?"

"पैसे नाही काका, शक्ती पडते. फुकट काही होत नाही. पापणी लवली तरी आत काहीतरी जळतं."

मला वाटलं चेष्टा करतेय. तिच्या चेहऱ्यावर चेष्टेचं नाव नव्हतं. त्यानंतर पाच वर्षं मी तिला पाहिलं. चार मजले जिन्याने चढायची, लिफ्टच्या रांगेत कधी उभी राहिली नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा अर्धा तास चावून खायची. पण साहेबासाठी खुर्चीतून अर्धवट उठणं, न आलेलं हसू हसणं, 'जी सर, जी सर' करणं, यातलं काही तिच्याकडून झालं नाही. म्हणायची, "जिथं उपयोग आहे तिथं खर्च करावा." ही मुलगी इथे टिकणार नाही, असं मी चहावाल्याशी पैजेवर बोललो होतो.

तिची दुसरी खोड म्हणजे वहीतली टिक. प्रत्येक प्रयोगाच्या पायऱ्या सकाळी लिहून काढायच्या आणि एकेक पायरी उरकली की गळ्यातलं पेन उचलून तिथं टिक करायची. आमच्याकडची बाकीची मंडळी टिका आधी करत, काम नंतर. चिराग म्हणून एक हुशार मुलगा होता, तो तर महिन्याच्या टिका एका बैठकीत करायचा आणि अक्षर वेगळं दिसावं म्हणून मध्ये मध्ये पेन बदलायचा. योगिताची टिक मात्र काम झाल्याशिवाय पडत नसे. तेव्हा मला हा नुसता चिकटपणा वाटला होता. याच टिकेने पुढे घोळ केला.

एकदा एक बडे उद्योजक प्रयोगशाळा बघायला आले. शक्तिपर्णाची पूड डब्यात भरून विकायचा त्यांचा विचार होता, म्हणून सरांची लगबग विचारू नका. पेशी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पाहुण्यांना काहीतरी दिसायला हवं, म्हणून सरांनी मला काचेच्या चंबूंमध्ये लाल, हिरवं, निळं पाणी भरून मांडायला लावलं. मी भरलं. पाहुणे त्या चंबूंसमोर उभे राहून फोटो काढून घेत होते. मग त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. त्यांनी डोळा लावला आणि केवढे हे जीव म्हणून ओरडले, "वाह! केटला बधा जीव छे! काळा काळा, हाले छे पण!"

सरांची मान हलली. चिरागची हलली. माझीही.

योगिता शेजारी उभी होती. शांतपणे म्हणाली, "साहेब, त्या तुमच्या पापण्या आहेत. थोडं मागे सरका."

पाहुणे मागे सरकले, मग त्यांना काहीच दिसेना, आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकात बिघाड आहे असा निर्णय दिला. त्या संध्याकाळी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून पाऊण तास काय सांगितलं ते मला कळलं नाही. बाहेर आली ती थेट आपल्या बाकाशी जाऊन बसली आणि वहीत पुढची टिक केली.

मी एकदाच तिच्या घरी गेलो. गणपती होते, तिनेच आग्रह केला होता. डिंडोलीतल्या एका सोसायटीत दोन खोल्या, एका कोपऱ्यात आरास, आणि तिचे वडील, म्हणजे नाना, नुकतेच बारा तासांची पाळी करून आलेले. माणूस हाडापेराने मजबूत, पण बसला तो भिंतीला टेकूनच. नखांत जांभळा रंग बसलेला. धुऊन जाणारा नव्हे, मुरलेला. योगिताने गल्लीतल्या सगळ्यांना आपला विषय समजावून ठेवला होता. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे बारीक बारीक चुली, आपण खाल्लेलं त्या चुलींवर जळतं आणि त्यातून हातपाय हलतात, वगैरे.

नाना मला म्हणाले, "साहेब, ही सांगस, आंगमां लहान लहान चूल शेतस. मंग मन्ही चूल दुपारलेच काबर इझी जास?"

दुपारीच विझणाऱ्या चुलीचं ऐकून मी हसलो. योगिता हसली नाही. तिने आईच्या हातातून चहाचा कप घेतला आणि नानांच्या हातात दिला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही पोरगी एवढे जिने कशासाठी चढते. तिला पदवी हवी होतीच. पण त्याआधी तिला या भिंतीला टेकलेल्या माणसाला एक उत्तर द्यायचं होतं.

फडताळात शक्तिपर्णाच्या पुड्या दिसल्या. सरांनीच दिल्या होत्या, 'बापुजी ने आपजो', वडिलांना द्या, म्हणून. नाना तीन महिने रोज सकाळी पाण्यातून घेत होते.

"फरक पडला का?" मी विचारलं.

नानांनी मुलीकडे पाहिलं आणि मान हलवली. "पडना ना! भलतं बरं वाटस."

योगिताच्या तोंडावर त्या वेळी जो आनंद दिसला तो मी विसरलेलो नाही. सरांच्या पाल्यावर तिचा पुरता विश्वास बसला होता, आणि तो सरांमुळे नव्हे, नानांमुळे. मी निघालो तेव्हा तिने मला दाराशी सांगितलं, "काका, यंदा थिसिस पुरं होणार. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते, त्याच्या आत देते."

मग जानेवारी आला. उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी सुरतेत कोणी काम करत नाही. धाब्यावर जाऊन मांजा तपासणं हेच काम. योगिता मात्र आली होती. तिला एका प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी पेरायच्या होत्या. ही प्लेट म्हणजे तळहाताएवढी चौकट, तिच्यात शहाण्णव बारीक खळगे. खळग्यांत पेशी आणि त्यांचं पोषणाचं पाणी टाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पाल्याचा अर्क घालायचा, त्याच्या पुढच्या दिवशी एक पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत आणि जोमात असल्या तर त्या पिवळ्याचा जांभळा करतात. जितका गडद जांभळा, तितकी शक्ती जास्त. सरांचा सगळा बोलबाला या एका जांभळ्यावर उभा होता.

निम्मी प्लेट झाली आणि सरांनी वरून बोलावलं. उद्योजकांसाठी चित्रं करून द्यायची होती, अर्ज टाइप करायचे होते, वर त्यांच्या नातवाचा पतंग झाडात अडकला होता त्यासाठी काठी शोधायची होती. दोन तासांनी परत आली. सगळ्या खळग्यांत पाणी दिसत होतं, म्हणून झाकण लावून तिने प्लेट उबेच्या कपाटात ठेवून दिली. एरवी तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरून खात्री केली असती. पण तो वरच्या सभागृहात शोभेला नेऊन ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मी तिला कुलूप उघडून दिलं होतं. दुपारी आतून तिची हाक आली, "काका! या इकडे!" प्लेट हातात घेऊन उभी होती. काय जांभळी! एवढी गडद सरांची स्वतःचीही कधी झाली नव्हती. मी म्हटलं, पेढे आण. तिने हसत टिक करायला वही उघडली. आणि हसू गेलं.

मागच्या पानावर खालच्या अर्ध्या प्लेटसमोर 'पाणी' याला टिक होती. 'पेशी' याला नव्हती.

तिने ती ओळ तीन वेळा वाचली. पेशींची उरलेली बाटली काढून बघितली. ती अर्धी भरलेली. म्हणजे खालच्या अठ्ठेचाळीस खळग्यांत पेशी टाकायच्याच राहिल्या होत्या. नुसतं पाणी, पाल्याचा अर्क आणि पिवळा रंग. तरीही जांभळं. वरच्या इतकंच जांभळं. आडात नसलं तर पोहऱ्यात येत नाही असं आपण ऐकत आलोय. इथे आडच नव्हता आणि पोहरा काठोकाठ भरून वर आला होता.

"काका," ती खाली बसत म्हणाली, "शक्ती पेशींची नाहीच आहे. तो पाला स्वतःच रंग बदलतोय. इतकी वर्षं कोणी रिकाम्या खळग्यात घालून बघितलंच नाही."

मी तिला काय सांगितलं ते इथे लिहितो, म्हणजे मी किती शूर आहे ते कळेल. मी म्हटलं, "प्लेट कचऱ्यात टाक, वहीत टिक कर, आणि जूनमध्ये डॉक्टर हो."

ती उठून घरी गेली. पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं. नाना पतंगाच्या दिवशी घरीच होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. नानांना पेशी कळल्या नसतील, पण रंगात त्यांचा जन्म गेलेला. म्हणाले, "रंग कापडले लागना का भांडाले, हाई आधी देखनं पडस. हाई तं आम्हना नवा मानूसबी देखस." मग तिने विचारलं, "नाना, खरं सांगा. त्या पुडीने बरं वाटत होतं?" नाना बराच वेळ नखं खरवडत बसले. शेवटी म्हणाले, "पुडी तू आनी होती, बेटा. काहीच फरक नही पडना, आसं तुले कसं सांगू?"

योगिता मला म्हणाली, "काका, आमच्या घरातसुद्धा मान हलत होती."

दुसऱ्या दिवशी ती प्लेट घेऊन सरांकडे गेली. दार उघडंच होतं म्हणून ऐकू आलं. सर आधी म्हणाले, हवेमुळे झालं असेल. मग म्हणाले, पाण्यामुळे. मग म्हणाले, "प्लेट फेंकी दो." आणि ती हलली नाही तेव्हा अगदी प्रेमाने म्हणाले, "बेन, विज्ञानमां श्रद्धा पण जोईए." श्रद्धाही हवी म्हणे! चिराग तिला जिन्यात गाठून रडकुंडीला आला, कारण त्याचं अर्धं थिसिस त्याच पाल्यावर होतं. तिला सगळ्यांची कीव येत होती आणि जूनची भीती वाटत होती. रडलीही. पण रोज येऊन नवी प्लेट मागायची. मी स्टोअरमधून द्यायचो, सुट्टीच्या दिवशी कुलूप उघडून द्यायचो. माझ्या सबंध नोकरीत मी केलेलं धाडस ते एवढंच.

जून गेला. शिष्यवृत्ती थांबली. ती सकाळी उधन्यात शिकवण्या घ्यायची आणि दुपारी प्रयोगशाळेत यायची. आणि एका सोमवारी चमत्कार झाला. सर म्हणाले, झाडपाल्याचे अर्क असे फसवतात हा तर फार मोठा शोध आहे, मला पहिल्यापासून शंका होतीच, म्हणून तर मीच योगिताबेनकडून मुद्दाम रिकाम्या खळग्यांचा प्रयोग करवून घेतला! सगळ्या माना हलल्या. सरांना पाल्याने शक्ती वाढते यावर एक शोधनिबंध मिळाला होताच, आता वाढत नाही यावर दुसरा मिळणार होता. दोन्हींवर पहिलं नाव त्यांचंच. थिसिसवर त्यांनी उभ्या उभ्या सही केली. वाचलं मात्र नाही. वाचायची त्यांची पद्धतच नव्हती.

तोंडी परीक्षेच्या दिवशी हॉल भरला होता. बाहेरगावच्या परीक्षक बाई आल्या होत्या, पिकलेल्या केसांच्या, कापडी पिशवी घेऊन. नाना मिलमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले होते, पण आत बसायला तयार नव्हते. दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, इथे चपला काढत नाहीत. तरी काढल्या.

योगिताने तासभर मांडणी केली. बाईंनी थिसिस उघडलं. "हे पान. इथे तुम्ही लिहिलंय की पहिल्या वेळी पेशी टाकायच्या चुकून राहिल्या. आणि तुमचे सर आत्ता प्रास्ताविकात म्हणाले की हा प्रयोग त्यांनी आखून दिला. मला यातलं कोणतं खरं मानायचं?"

सरांनी तिथल्या तिथे ते पान उघडून पाहिलं. पहिल्यांदाच पाहत होते हे शेवटच्या रांगेतूनही कळलं. मग ते हसले आणि तिच्याकडे वळले. "ए तो लखवामां भूल थई गई. प्लान तो मारो ज हतो. बराबर ने, योगिताबेन?"

सगळा हॉल तिच्या मानेकडे बघत होता. लिहिताना चूक झाली, बेत सरांचाच होता, यावर तिला फक्त एकदा मान हलवायची होती. पाच वर्षं, शिकवण्या, नानांची पाळी, सगळं त्या एका हलण्यावर आलं होतं. मी मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, पोरी, एकदा हलव, काय जातंय!

"नाही सर," ती म्हणाली. "मी विसरले होते."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"अशा किती वेळा विसरलात?"

"एकदा विसरले. त्यानंतर अकरा वेळा मुद्दाम विसरले. दर वेळी जांभळंच आलं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आत बाई, सर आणि योगिता. आम्ही व्हरांड्यात. चिराग नखं खात होता. नानांनी मला विचारलं, "साहेब, चूक कबूल करी तं काढी टाकतस का?" आमच्याकडे कोणी कबूल केलेलीच नव्हती, तर मला काय माहीत असणार.

शक्तिपर्णाचं पुढे काय झालं ते कोणी विचारेल म्हणून सांगून टाकतो. त्या उद्योजकांनी पूड बाजारात आणली. रंग आणते हे सिद्धच झालं आहे म्हणाले, आणि आता ती केसांसाठी विकतात. सर 'प्रयोगातील प्रामाणिकपणा' या विषयावर भाषणं देत गावोगाव फिरतात, शाली घेतात. योगिता तिकडे हजीऱ्याच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते असं कानावर आहे. मी निवृत्त झालो त्यानंतर भेट नाही.

पण मला ती आठवते ती त्या दिवशीचीच. अर्ध्या तासाने दार उघडलं. आधी सर बाहेर पडले, कोणाकडे न बघता जिन्याकडे गेले. मग ती आली. व्हरांड्यात गर्दी, मुलं 'शुं थयुं, शुं थयुं' करत तिला घेरून उभी राहिली. गर्दीच्या पलीकडे, भिंतीला टेकून, अनवाणी उभे असलेले नाना टाचा उंच करून बघत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "झायं का, बेटा?"

आणि योगिता बोरसेने मान हलवली. एकदा नाही, दोनदा, तीनदा, लहान पोरीसारखी भराभर हलवत राहिली. मी चष्मा काढून पुसला. नाना खाली वाकून आपल्या चपला शोधत होते आणि त्यांना त्या सापडत नव्हत्या.